दरफलक भिंतीवरून उतरला तेव्हा

1867च्या सराई कायद्यात सराई चालवणाऱ्यावर काही कामे बांधून दिली होती. खोल्या साफ ठेवायच्या, दारे-भिंती दुरुस्त ठेवायच्या, राखणदार नेमायचे, साथीच्या रोगाचा माणूस आढळला तर पोलिसांना कळवायचे. त्यातच एक काम असे की, दरांची यादी जिल्हा मॅजिस्ट्रेट सांगेल त्या जागी आणि त्या भाषेत लावायची. मी बेळगावच्या लॉजचा काउंटर सांभाळत मोठा झालो, पुढे बंगळुरूजवळच्या व्हाइटफील्डच्या हॉटेलांत हिशेब लिहिले. मला त्या कायद्यातले हेच कलम सर्वांत मोलाचे वाटते. गिऱ्हाईक बॅग खाली ठेवण्याआधी त्याला पूर्ण आकडा कळायला हवा, हा या धंद्याचा पहिला धर्म.

व्हाइटफील्ड मुळात प्रवाशांचे गावच नव्हे. 1882 साली म्हैसूरच्या दहाव्या चामराज वाडियारांनी अँग्लो-इंडियन वसाहतीसाठी 3,900 एकर जमीन दिली आणि त्या समाजाच्या संघटनेचे संस्थापक डी. एस. व्हाइट यांच्यावरून गावाचे नाव पडले. गोलाकार रस्त्याभोवतीची टुमदार घरे, एक चर्च आणि वेव्हर्ली इन. तिथल्या मालकाच्या मुलीसाठी तरुण चर्चिल यायचा, अशी आख्यायिका अजून सांगतात. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. बंगळुरूच्या क्लबात 1899ची वही जपून ठेवली आहे आणि तिच्यात लेफ्टनंट चर्चिलच्या नावावर 13 रुपये थकलेले आहेत. उधारी बुडाली, पण किती ते देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ठाऊक होते.

मग आज बिलात दिसणारे, आधी न सांगितलेले जादा पैसे शिरले कुठून? माझे ठाम मत आहे की वाट सरकारनेच करून दिली. कर्नाटकात 1979 साली हॉटेलांवर ऐषआराम कर आला. 1987 साली केंद्राने 400 रुपये आणि त्यावरच्या खोल्यांना दहा टक्के खर्च कर लावला. दर छापताना खाली ‘कर वेगळे’ अशी बारीक ओळ आली आणि मग तिच्या आडोशाला सर्व्हिस चार्ज, जादा गादी, वेळेआधीचे चेक-इन असे सगळे येऊन बसले.

1994 साली सिंगापूरच्या भागीदारीत टेक पार्कचा करार झाला आणि गाव पालटले. सोमवार ते गुरुवार खोल्या भरलेल्या, शनिवारी ओस. बिल कंपनीकडे जायचे. झोपणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. इंटरनेटचे, इस्त्रीचे, विमानतळावरच्या गाडीचे पैसे किती लावले, हे पाहुणा विचारायचाच नाही, सही करून निघायचा. आमच्या धंद्याला ही सवय लागली आणि पुढे बुकिंगच्या वेबसाइटनी ती सामान्य कुटुंबालाही लावली.

जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा काउंटरवर रोज वाद व्हायचे. कराचा टप्पा ठरायचा छापील दरावर, प्रत्यक्ष घेतलेल्या पैशांवर नव्हे. छापील दर 8,000चा असेल, तर 5,000ला दिलेल्या खोलीवरही 28 टक्के लागायचे. वर्षभराने, जुलै 2018 मध्ये ते सुधारले. 2022च्या जुलैत हजाराच्या आतल्या खोलीवरही कर बसला.

त्याचा भार कोणावर पडला ते मी पाहिले आहे. इथले सत्य साई ट्रस्टचे रुग्णालय 2001 पासून हृदयाच्या, मेंदूच्या शस्त्रक्रिया पैसे न घेता करते. पेशंटसोबतची माणसे मात्र आसपास खोल्या शोधतात. सोलापूरकडचे एक काका मोबाइलवर दर पाहून आले होते. पैसे भरायच्या पानावर कर, सुविधा शुल्क आणि आपोआप टिक झालेला विमा आला, काउंटरवर तिसऱ्या माणसाच्या गादीचे वेगळे पैसे निघाले. ‘मग आधीच का नाही सांगितलं?’ त्यांचा आवाज चढला नव्हता. नुसते थकलेले होते.

30 नोव्हेंबर 2023ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवले. त्यात किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणेही आहे आणि न विचारता बिलात वस्तू टाकणेही. खाण्याच्या बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावू नये, हा 2022चा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये उचलून धरला. तक्रारीसाठी 1915 हा नंबर आहे. माझ्या मते पुढची पायरी सोपी आहे. शोधाच्या पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत, करासकट, गादीसकट एकच आकडा दाखवायचा, आणि तोही प्रवाशाच्या भाषेत. सरायांकडून हे 1867 साली मागता आले होते, मग बुकिंगच्या कंपन्यांकडून मागायला कसली अडचण?