कोण कुणाला हसतं? : प्रस्तावना

'शेजारीण हल्ली आमच्याशी हसत नाही' आणि 'शेजारीण हल्ली आम्हाला हसत नाही' ही दोन वाक्यं जवळजवळ ठेवून पाहा. पहिल्यात तक्रार आहे, दुसऱ्यात सुटकेचा निःश्वास. क्रियापद तेच, माणसं तीच. 'शी'च्या जागी 'ला' आला आणि दोन घरांमधलं नातं उलटं झालं. हसण्याच्या शब्दांचा अभ्यास करू पाहणाऱ्यांचं स्वागत अशा जोडीनं केलेलं बरं. बहुतेकजण इथे विनोदाच्या शोधात येतात. विनोदाचं शास्त्र वेगळं. त्यावर मराठीत न. चिं. केळकरांपासून बऱ्याच जाणत्यांनी लिहिलं आहे आणि ते वाचायलाच हवं. पण मराठीतले हसण्याचे शब्द 'विनोदी काय होतं' हे क्वचितच सांगतात. हसताना कोण कुठे उभं होतं, हे ते सांगतात. या अभ्यासाची गोडी मला वाटते ती तिथे.

हसू, हशा, हसं आणि हास्य हे चार शब्द घ्या. चारही एकाच धातूचे, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हसू 'येतं', रडू येतं तसंच. मला हसू आलं, यात 'मी' कर्ता नाही. हसू आपल्या पायांनी आलेलं असतं आणि फार तर ते दाबता येतं. हशा पिकतो. एकट्या माणसाचा हशा कधी पिकत नाही, त्याला श्रोते लागतात. म्हणूनच छापील भाषणांत मध्येच कंसात 'हशा' असं येतं आणि सभेला न गेलेल्या वाचकालाही सभागृह भरलेलं दिसतं. हसं मात्र 'होतं', तेही नेहमी कुणाचं तरी. 'माझं हसू' म्हणजे मी हसलो. 'माझं हसं' म्हणजे बाकीचे हसले आणि मी तेवढा हसलो नाही. एका उकाराच्या जागी अनुस्वार आला की माणूस हसणाऱ्यांच्या बाजूकडून समोरच्या बाजूला जातो. चौथं हास्य, ते लिहिण्याबोलण्याच्या औपचारिक प्रसंगांचं: मंद, विकट, सातमजली. 'मला हास्य आलं' असं कुणी म्हणत नाही. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सकाळच्या बागेत माणसं जमवून हसवायला सुरुवात केली आणि पुढे गावोगावी हास्यक्लब निघाले. 'हसूक्लब' असं नाव कुणालाच सुचलं नसावं. ठरवून, वेळ लावून, हात वर करून जे करायचं ते हसू नव्हे, हे भाषेला पक्कं ठाऊक होतं.

हसण्याला जागा आणि पायरी असते, हा विचार नवा नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतानं हसण्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. ही केवळ आवाजाची चढती श्रेणी नाही. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. स्मितात दात दिसत नाहीत. अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं आणि माणूस हातांनी कुशी धरतो. पोट धरून हसणारे आपण सगळे त्या हिशेबानं तळाच्या पायरीवरचे. हा रस स्त्रियांमध्ये आणि नीच प्रकृतीच्या पात्रांमध्ये जास्त दिसतो, असंही तिथे म्हटलं आहे. वाचून राग येईल. येऊ द्यावा, पण पुस्तक मिटू नये. कारण तीच पायरी आपल्या घरातल्या मराठीतही शाबूत आहे. पुरुष मिशीतल्या मिशीत हसतो, फार झालं तर सातमजली हसतो. दोन्हींत त्याचा रुबाब वाढतो. मुली खिदळतात. 'काय खिदळताय गं?' हा प्रश्न नाहीच, ती आज्ञा आहे. फिदीफिदी हसणं, दात काढणं, बत्तिशी दाखवणं, ख्या ख्या करणं हे शब्द कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. ते वरच्यानं खालच्याला, मास्तरांनी मागच्या बाकाला, सासूनं सुनेला ऐकवायचे. खुदकन हसण्याची मुभा लहान मुलांना आणि कादंबरीतल्या नायिकांना. साहेब खुदकन हसले, असं लिहून पाहा, म्हणजे शब्दाचं कुंपण कुठे आहे ते कळेल.

दुसऱ्यावर हसण्याचे शब्द तर मराठीत उदंड आहेत: थट्टा, मस्करी, चेष्टा, टिंगल, टवाळी, टर, खिल्ली, रेवडी. कोश यातल्या बऱ्याच शब्दांचा अर्थ एकमेकांनीच सांगतो आणि नवखा अभ्यासक हताश होतो. त्यानं नामांवरून नजर काढून क्रियापदांकडे न्यावी. टर, खिल्ली आणि रेवडी 'उडवतात'. मस्करी आणि चेष्टा 'करतात'. थट्टेला दोन्ही चालतं, आणि वहिनीची थट्टा केली व वहिनीची थट्टा उडवली यांत घरातलं हवामान बदलतं. जे उडवलं जातं त्यात समोरच्याचा वाटा नसतो. जे केलं जातं त्यात तो सामील होऊ शकतो. होईलच असं नाही, म्हणून तर मस्करीची कुस्करी होते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, विहिणी-विहिणी यांच्यात थट्टा चालते एवढंच नव्हे, ती अपेक्षित असते. न केली तर माणूस आखडू ठरतो. जगभरच्या अशा नात्यांवर रॅडक्लिफ-ब्राऊन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० मध्ये एक गाजलेला निबंध लिहिला. एकानं चिडवायचं आणि दुसऱ्यानं राग मानायचा नाही, अशी ही मान्य केलेली सूट, असं त्याचं सूत्र. लग्नात विहिणीला नावं ठेवणारी गाणी ऐकलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ते समजायला निबंधाची गरज पडू नये.

शब्द प्रवास करतात तेही पाहण्यासारखं आहे, पण इथे रमण्याचा धोका असल्यामुळे थोडक्यात. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल. हिंदीत तिचा प्रयत्न झाला आणि मराठीत चिडवणं. अट्टहास म्हणजे मोठ्यानं हसणं. मराठीत तो अट्टाहास होऊन हट्टाला, जिवापाड आग्रहाला लागला. तुकोबांच्या एका सर्वपरिचित अभंगात तो याच अर्थानं येतो, म्हणजे सतराव्या शतकातच त्यातलं हसू आटलं होतं.

हसणं मुळात विनोदाचं नाही, माणसांमधलं आहे, हे प्रयोगवाल्यांनीही सांगितलं. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या गप्पांमधले हसण्याचे बाराशे प्रसंग टिपले. त्यांत ज्याला विनोद म्हणता येईल अशा बोलण्यानंतरचे दहा ते वीस टक्केच होते. बाकी सगळं 'बरं, भेटू मग' छापाच्या वाक्यांवरचं हसणं. आपल्याकडे कट्ट्यावर बसून असे प्रसंग टिपले, तर आकडे काय येतील ते पाहायला मला आवडेल.

साधनांबद्दल एवढंच. मोल्सवर्थचा कोश (१८३१, सुधारून १८५७) ध्वन्यनुकारी शब्दांसाठी अजून हाताशी असावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) आणि त्यांचाच वाक्संप्रदाय कोश यांना पर्याय नाही. पण कोश अर्थ सांगतो, बोलणारा दाखवत नाही. बोलणारा सापडतो तो नाटकांत, बतावणीत, सोंगाड्याच्या तोंडी, विदर्भातल्या खडीगंमतीत. आणि आता पडद्यावरही. इंटरनेटवरच्या मराठीनं 'ह ह पु वा' हा घरचा शब्द काढला, हसून हसून पुरेवाट झाली याचा. तो लिहिणारा बहुधा निर्विकार चेहऱ्यानं बसलेला असतो. तो हसल्याचं नव्हे, तुमच्या बाजूनं असल्याचं कळवतो. २०१५ साली ऑक्सफर्डनं वर्षाचा शब्द म्हणून निवडलेला आनंदाश्रूंचा चेहरा तेवढा सरळ नाही. तो मित्राच्या फोटोखाली एक बोलतो आणि पुढाऱ्याच्या निवेदनाखाली दुसरंच. चिन्हाला विभक्तिप्रत्यय लागत नाही, त्यामुळे त्यावरून भांडणं होतात.

बोलींचं काम बरंचसं बाकी आहे. जुन्या पुस्तकांत 'हंसणें', 'हांसणें' असा अनुस्वार छापलेला दिसेल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर तो लेखनातून गेला, पण गोव्याच्या कोकणीत 'हांसप' म्हणताना नाकातून अजून ऐकू येतो. वऱ्हाडात 'काय हासून रायला बे' मध्ये दटावणी किती आणि लाड किती, हे तिथल्याच माणसानं सांगावं. नोंदी करायला निघणाऱ्यांनी प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कोण म्हणालं, कुणाबद्दल म्हणालं आणि ज्याच्याबद्दल म्हटलं तो तिथे हजर होता का. तिसरी राहिली असेल, तर परत जाऊन विचारून यावं.