अंतर्गळाची दुसरी बाजू

अंतर्गळ उजव्या जांघेंत आणि डाग मात्र डाव्या अंगठ्यावर, असा एक उपचार सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत सांगितला आहे. विरुद्ध बाजूच्या कानाजवळील शीर वेधावी, असेंही तेथेंच म्हटलें आहे. या उपचाराचा आजच्या शस्त्रक्रियेशीं कांहीं संबंध नाहीं, हें उघड आहे. परंतु एका बाजूस रोग दिसत असतां दुसऱ्या बाजूस हात घालावा कीं घालूं नये, हा प्रश्न विसाव्या शतकांत अगदीं निराळ्या कारणानें उभा राहिला आणि त्यानें बालशल्यवैद्यांत दोन पक्ष पाडले.

मुलांचा अंतर्गळ हा स्नायूंच्या दुबळेपणाचा रोग नव्हे. गर्भावस्थेंत वृषण पोटांत, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्मापूर्वीं खालीं उतरतात. जॉन हंटरनें केलेलें या प्रवासाचें वर्णन १७६२ सालीं प्रसिद्ध झालें. उदराच्या अस्तराची एक पिशवी त्यांच्या वाटेनें खालीं येते. ती पुढें आपोआप मिटली तर ठीक. न मिटल्यास मूल रडूं लागलें कीं आंतडें तींत उतरतें. मुलींतही अशीच एक पिशवी असते. म्हणून मुलांच्या शस्त्रक्रियेंत ती पिशवी उंचावर बांधून टाकणें एवढेंच मुख्य काम असतें.

पण एका बाजूची पिशवी उघडी राहिली, तर दुसरीचें काय? १९५५ सालीं रॉथेनबर्ग व बार्नेट या अमेरिकन शल्यवैद्यांनीं पन्नास मुलांच्या दोन्ही बाजू उघडून पाहिल्या. एक वर्षाच्या आंतील प्रत्येक बालकांत आणि त्याहून मोठ्या मुलांपैकीं सुमारें ६६ टक्क्यांत दुसऱ्या बाजूसही पिशवी सांपडली. झालें! एकाच भुलींत दोन्ही बाजू उरकाव्या, असा प्रघात पडत चालला. सोलापुरांत १९६३ सालीं डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां हा वाद ऐन भरांत होता. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून तान्हें मूल घेऊन शहरांत येणाऱ्या आईबापांच्या दृष्टीनें पाहिलें, तर ही युक्ति मोठी सोयीची. दुसरी खेप नाहीं, दुसरी भूल नाहीं, आणि आंतडें अडकण्याची धास्तीही नाहीं.

तरीही या युक्तींत एक गफलत होती. उघडी पिशवी म्हणजे अंतर्गळ नव्हे. स्पार्कमननें १९६२ सालीं अनेकांचे अनुभव एकत्र केले, तेव्हां दुसऱ्या बाजूस पिशवी निम्म्याहून अधिक मुलांत आढळली. पण एकाच बाजूची शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढें दुसरीकडे अंतर्गळ झाला तो सुमारें १६ टक्क्यांत. म्हणजे पुष्कळ मुलांची निरोगी जांघ उगाच कापली जात होती. आणि ही जागा मोठी नाजूक! दाभणाएवढ्याही जाड नसलेली शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या त्या पिशवीला चिकटलेल्या असतात. एकीकडे इजा झाली तर दुसरी बाजू निभावून नेते; दोहोंकडे झाली तर त्या मुलाला मोठेपणीं अपत्यसुखास मुकावें लागेल. अशा नुकसानीचा पत्ता वीसपंचवीस वर्षांनीं लागतो.

न कापतां पाहतां येईल काय, याचे प्रयत्न मग सुरू झाले. पोटांत हवा भरून ती दुसऱ्या जांघेंत उतरते कीं काय हें चांचपून पाहत. १९६७ पासून क्षकिरणांत दिसणारें औषध पोटांत सोडून छायाचित्र घेण्याचीही पद्धत निघाली. खरी सोय झाली ती दुर्बिणीनें. १९९२ सालीं लोब व श्रॉप यांनीं दुर्बिणीनें दुसऱ्या बाजूची आंतून तपासणी केल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढें शस्त्रक्रियेसाठीं उघडलेल्या पिशवीच्या तोंडांतूनच बारीक दुर्बीण आंत सरकवूं लागले. पलीकडचें भोंक उघडें कीं मिटलेलें, हें कांहीं मिनिटांत कळूं लागलें.

मात्र दिसलेलें भोंक बांधावेंच काय, हा मूळ प्रश्न दुर्बिणीनें सुटला नाहीं. १९९७ सालीं मिल्टनबर्ग व सहकाऱ्यांनीं १५,३१० मुलांची माहिती एकत्र केली. दुसऱ्या बाजूस पुढें अंतर्गळ झाला तो अवघ्या ७ टक्क्यांत. पहिला डावीकडे असेल तर ११ टक्क्यांत. म्हणजे एक अंतर्गळ टाळण्यासाठीं सुमारें चौदा मुलांची दुसरी बाजू उघडावी लागते. हे आंकडे पाहून अनेक शल्यवैद्य न दुखणाऱ्या बाजूस हात लावीत नाहींत. ते आईबापांस एवढेंच सांगतात, कीं पुढील पांच वर्षें दुसऱ्या जांघेकडे लक्ष असूं द्या. कारण होणारा अंतर्गळ बहुधा तेवढ्यांत दिसतो. आणि तेथें आलेली गांठ कठीण होऊन आंत जाईना, मूल ओकूं लागलें, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं दवाखाना गांठा.