पुरोहित परगावी, देऊळ इथे

नाशिककराला पुरोहिताची वानवा कधी भासत नाही. रामकुंडावर कुठल्याही गावचा यात्रेकरू येवो, आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तीर्थोपाध्ये आपली चोपडी उघडतात आणि त्याच्या आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात. विधी सांगणारा माणूस हाताशी असणं आपण इतकं गृहीत धरतो, की तो नसला तर एखाद्या समाजाचं काय होत असेल, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. हा प्रश्न ज्यांच्यापुढे वर्षानुवर्षं उभा आहे अशा एका चिमुकल्या समाजाविषयी आज मी बोलणार आहे. हा समाज म्हणजे मुंबईचे आर्मेनियन ख्रिस्ती.

मुंबईच्या फोर्ट भागात एक जुना रस्ता आहे, मेडोज स्ट्रीट. आता त्याचं नाव नगीनदास मास्टर मार्ग. कचेऱ्यांच्या गर्दीत तिथे सेंट पीटर आर्मेनियन चर्च उभं आहे. त्याची स्थापना १७९६ सालची, म्हणजे आपल्याकडे सवाई माधवराव गेल्यानंतर पेशवाईच्या वारसाचा घोळ चालू होता, त्या काळातली.

हे लोक मूळचे कॉकेशस पर्वताकडचे. इराणचा शाह अब्बास याने १६०४-०५च्या सुमारास जुल्फा या व्यापारी गावातले आर्मेनियन उठवून आपल्या राजधानीत, इस्फहानला आणून वसवले. त्या वस्तीला नवं जुल्फा म्हणतात. तिथले व्यापारी रेशीम आणि जवाहिर घेऊन सुरत, मद्रास, कलकत्ता, मुंबई असे पसरले. हुगळीजवळच्या चिन्सुरा इथे त्यांचं देऊळ सतराव्या शतकाच्या अखेरीस झालं, कलकत्त्याचं १७२४ साली झालं, तर मद्रासचं आजचं देऊळ १७७२ सालचं आहे. व्यापारी पेढी घालतो, त्याच हाताने देऊळ बांधतो. पण देवळात विधी करणारा माणूस आणायचा कुठून?

अडचण इथेच होती. आर्मेनियन परंपरेत मुख्य उपासना, जिला ते ‘पातारग’ म्हणतात, ती दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूशिवाय होत नाही. घरचा वडीलधारा स्तोत्रं म्हणेल, दिवा लावील, पण पातारग करू शकणार नाही. ही दीक्षा बिशपच्या हातून मिळते, आणि बिशपचं पीठ होतं इस्फहानच्या नव्या जुल्फात. हिंदुस्थानातली सारी आर्मेनियन देवळं त्याच पीठाखाली येत. म्हणजे मुंबईच्या देवळासाठी माणूस इस्फहानहून निघायचा, बंदरापर्यंत तांड्याबरोबर यायचा आणि पुढे जहाजाने.

बाप्तिस्म्याच्या वेळी लावायचं पवित्र तेलसुद्धा असंच दुरून येतं. ते आर्मेनियातल्या एचमिआझिन इथे त्यांचे सर्वोच्च धर्मगुरू साधारण सात वर्षांनी एकदा सिद्ध करतात, आणि नव्या तेलात जुन्यातलं थोडं मिसळतात. आपण दह्याला विरजण लावतो तसंच म्हणा ना! एका घरातलं विरजण मोडलं तर शेजारून मागून आणता येतं. इथे शेजारघर हजारो मैलांवर.

धर्मगुरू आला म्हणजे नुसता विधी आला असं नव्हे. तो मुलांना लिपी शिकवी, जन्म-मृत्यूची नोंद ठेवी. मद्रासच्या हारुत्युन श्माव्होन्यान या धर्मगुरूने तर १७९४ साली ‘अझदरार’ हे नियतकालिक छापलं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक मद्रासेत निघालं, तेही एका धर्मगुरूच्या हातून! म्हणूनच हा एक माणूस गेला की उपासनेबरोबर शाळा, भाषा आणि दप्तरही लंगडं होतं.

पुढे इंग्रजांचा व्यापार वाढला तसा आर्मेनियनांचा आटला. मुंबईत तर ते बोटांवर मोजण्याइतके राहिले. आपला धर्मगुरू ठेवणं आवाक्याबाहेर गेलं, मग कोलकात्याचे धर्मगुरू प्रसंगाप्रसंगाने येऊ लागले. मधल्या काळात देवळाला जाग राहिली ती पाहुण्यांमुळे. मलबारकडच्या सीरियन ऑर्थोडॉक्स मंडळींच्या उपासना इथे होऊ लागल्या. भाषा वेगळी, सूर वेगळे, पण ४५१ सालच्या खाल्कीदोनच्या धर्मसभेचा निर्णय न मानणाऱ्या चर्चच्या एकाच कुळातले हे दोघे. भाऊबंदांनी घर झाडून ठेवावं, तसंच हे झालं.

आता एक योगायोग पाहा. त्याच १७९६ साली, त्याच मुंबईत, आणखी एका छोट्या समाजाने आपलं प्रार्थनास्थळ उभारलं. कंपनीच्या फौजेतले सॅम्युअल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेलं बेने इस्राएलांचं सिनेगॉग. आपल्या कोकणातले हे ‘शनिवार तेली’. त्यांच्यातही रब्बी नव्हते. पण यहुदी धर्मात सामूहिक प्रार्थनेला रब्बी लागतोच असं नाही. दहा प्रौढ पुरुष जमले की झालं. प्रार्थना म्हणणारा हज्जान आपल्यातलाच शिकून तयार होतो. कोचीनचे यहुदी शिक्षक येऊन शिकवून गेले, आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या विधीचं पुस्तक मराठी भाषांतरासह छापलं गेलं. पुरोहित नसताना पुस्तक आणि शिक्षण यांनी त्याची जागा बरीचशी भरून काढली.

१९४८ नंतर मात्र बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला गेले आणि कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये दहाजण जमवणंच कठीण झालं. एका समाजाचं एका माणसावाचून अडलं, दुसऱ्याचं दहांवाचून. नियम वेगळे, पण गाठ तीच.

मग अशा समाजांना आधार कशाचा? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, ठरलेला फेरा. चिन्सुरात आर्मेनियन वस्ती उरलेली नाही, तरी संत योहानाच्या सणाला जानेवारीत कोलकात्याची मंडळी धर्मगुरूंना घेऊन तिथे जातात. वर्षातून एकच दिवस, पण ठरलेला. त्यामुळे देवळाची डागडुजी होते. दुसरी गोष्ट, किल्ली सांभाळणारा माणूस. ढाक्याच्या आर्मानीटोला भागातलं १७८१ सालचं देऊळ एका आर्मेनियन गृहस्थाने अनेक वर्षं एकट्याने सांभाळलं. २०१४ साली ते परदेशी गेले, तरी देऊळ ओस पडलं नाही, कारण इतरधर्मीय स्थानिक माणसं देखभालीला तयार झालेली होती. तिसरी गोष्ट, गावात राहणाऱ्यांना जेवढं करता येतं तेवढं शिकवून ठेवणं. पातारग नाही तर नाही. पण स्तोत्रं म्हणता येणं, लिपी वाचता येणं, थडग्यावरचं नाव ओळखता येणं यासाठी दीक्षा लागत नाही.

या तिन्हींना पैसा फार लागत नाही. लागते ती आठवण. चारदोन माणसांसाठी दोन हजार किलोमीटरवरून धर्मगुरूने कशाला यावं, असा हिशेब कोणी मांडील. पण त्या चारदोघांतल्या एखाद्याचं बाळ बाप्तिस्म्याला थांबलेलं असतं, एखाद्याचा म्हातारा बाप आपल्याच भाषेतली शेवटची प्रार्थना मिळेल का म्हणून वाट पाहत असतो. माणसांची संख्या घटली म्हणून जन्ममरणाचं मोल घटत नाही. फोर्टात कधी कामाला गेलात तर मेडोज स्ट्रीटवर दोन मिनिटं थांबा. सव्वादोनशे वर्षं तग धरून राहिलेलं ते दार पाहण्यासारखं आहे.