नक्षलवाद्यांशी शांतता वाटाघाटींचा प्रश्न (महाराष्ट्र)

सशस्त्र बंडखोर संघटनांशी शासनाने वाटाघाटी कराव्यात की त्यांच्याकडून केवळ शस्त्रत्यागाची मागणी करावी, हा प्रश्न महाराष्ट्रात प्रामुख्याने गडचिरोली जिल्ह्यातील नक्षलवादी (माओवादी) चळवळीच्या संदर्भात उपस्थित झाला. शेजारच्या आंध्र प्रदेशात २००४ मध्ये शासन व नक्षलवादी समोरासमोर बसले. महाराष्ट्रात तशी औपचारिक फेरी झाली नाही. येथील शासनाने संघटनेशी बोलण्याऐवजी तिच्यातून बाहेर पडणाऱ्या व्यक्तींशी व्यवहार केला. २०२५ मध्ये मात्र या दोहोंतील सीमारेषा पुसट झाली.

पार्श्वभूमी

१९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांनी स्थापन केलेल्या पीपल्स वॉर गटाची दलमे त्याच वर्षी प्राणहिता नदी ओलांडून सिरोंचा भागात आली. गडचिरोली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा करण्यात आला. तेंदूपत्त्याची तुटपुंजी मजुरी आणि वनकर्मचाऱ्यांचा जाच या प्रश्नांवर दलमांना आदिवासींचा पाठिंबा मिळाला. पुढे मात्र 'पोलिसांचा खबऱ्या' ठरवून त्याच गावांतील माणसे मारली गेली. १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० हे विशेष पथक उभारले. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर येथील चकमकीत व त्यानंतर ४० नक्षलवाद्यांचे मृतदेह हाती लागले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या येथे राज्यभरातून पाळीपाळीने येतात. त्यामुळे या दलाचा गट क्रमांक १२ जेथे आहे त्या हिंगोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यालाही हा प्रश्न परका राहिलेला नाही.

वाटाघाटींचे पूर्वानुभव

ऑक्टोबर २००४ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या शासनाने हैदराबाद येथे नक्षलवाद्यांशी चर्चा केली. निवृत्त सनदी अधिकारी एस. आर. शंकरन यांच्या नागरिक समितीने त्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले होते. बोलणी अडली ती शस्त्रांवर. शस्त्रे घेऊन गावांत फिरणे थांबवावे, ही शासनाची अट संघटनेला मान्य नव्हती. जानेवारी २००५ मध्ये चर्चा संपुष्टात आली. १५ ऑगस्ट रोजी आमदार नरसी रेड्डी यांची हत्या झाल्यावर संघटनेवर पुन्हा बंदी घालण्यात आली.

दुसरा प्रयत्न २०१० चा. गृहमंत्री पी. चिदंबरम आणि माओवादी यांच्यात स्वामी अग्निवेश मध्यस्थी करीत असताना १-२ जुलैच्या रात्री संघटनेचा प्रवक्ता आझाद (चेरुकुरी राजकुमार) हा पत्रकार हेमचंद्र पांडे यांच्यासह महाराष्ट्राला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मारला गेला. त्यांना नागपुरात पकडून नंतर मारले, असा माओवाद्यांचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून झालेल्या तपासात केंद्रीय अन्वेषण विभागाने चकमक खरी ठरवली. निष्कर्ष काहीही असो, निरोप घेऊन जाणाराच मेल्यावर पुढचा निरोप कोण नेणार, हा पेच कायम राहिला.

वाटाघाटींच्या बाजूने २००८ मधील योजना आयोगाच्या तज्ज्ञगटाचा (अध्यक्ष डी. बंदोपाध्याय) अहवाल महत्त्वाचा आहे. चर्चेचे दार बंद करू नये, असे त्यात सुचवले होते. विरोधी पक्षाचे म्हणणे असे की युद्धविरामाचा उपयोग संघटना नव्याने सज्ज होण्यासाठी करते. या वादात गडचिरोलीचेच एक उदाहरण सहसा विसरले जाते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून बांबूची वाहतूक स्वतःच्या परवान्याने सुरू केली. जंगलावरील मालकीचा जो प्रश्न नक्षलवादी बंदुकीने सोडवू पाहत होते, तो एका ग्रामसभेने ना दलमाच्या मध्यस्थीने, ना वाटाघाटींच्या टेबलावर सोडवला.

आत्मसमर्पण आणि २०२५ मधील घडामोडी

महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २००५ मध्ये सुरू झाली. वृत्तपत्रे आत्मसमर्पण, शरणागती, शस्त्रत्याग व शस्त्रसंधी हे शब्द सरसकट वापरतात. अर्थाने ते एक नाहीत. शस्त्रसंधीत दोन पक्ष थांबतात आणि दोघेही पक्ष म्हणून उरतात. आत्मसमर्पणात एकच पक्ष उरतो.

२०२५ मधील वादाचे मूळ याच भेदात आहे. मार्चअखेरीस माओवाद्यांनी शस्त्रसंधी व चर्चेचा प्रस्ताव मांडला. तेलंगणातील के. चंद्रशेखर राव यांच्यासारख्या नेत्यांनी चर्चेचा आग्रह धरला. केंद्राने मोहीम चालूच ठेवली आणि २१ मे रोजी सरचिटणीस बसवराजू मारला गेला. त्यानंतर केंद्रीय समितीचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने सशस्त्र संघर्ष तात्पुरता थांबवण्याची तयारी पत्राद्वारे जाहीर केली. तेलंगण समितीने ही त्याची वैयक्तिक भूमिका असल्याचे सांगितले. शासनाने बोलावे तर संघटनेच्या वतीने कोणाशी, हा प्रश्न खुद्द संघटनेनेच असा उघड केला. २८ सप्टेंबर रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी शस्त्रसंधी नाकारली; शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांवर गोळी चालणार नाही, असे त्यांनी सांगितले.

१५ ऑक्टोबर रोजी गडचिरोली येथे भूपतीने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे ठेवली. त्याची पत्नी तारक्का हिने १ जानेवारीलाच तेथे आत्मसमर्पण केले होते. कागदोपत्री ही वाटाघाट नव्हती. तरीही इतक्या जणांनी ठरल्या दिवशी, ठरल्या जागी एकत्र येणे पूर्वसंवादावाचून शक्य नव्हते.

नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत याने तिन्ही मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून १५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची मुदत मागितली. मुदत मिळाली नाही. २८ नोव्हेंबर रोजी त्याने गोंदिया येथे साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली.