दाबल्याशिवाय न उघडणारं झाकण

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात व्हिटॅमिनच्या गोळ्यांची एखादी बाटली असतेच. आजी ती उघडायला जातात, झाकण नुसतंच गरगर फिरतं, कट-कट वाजतं आणि उघडायचं नाव घेत नाही. मग कुणीतरी तळहाताने झाकण खाली दाबतं, दाब न सोडता फिरवतं आणि बाटली उघडते. हे झाकण त्रास देण्यासाठीच बनवलेलं आहे. फक्त तो त्रास आजींसाठी नव्हता, तीन वर्षांच्या नातवासाठी होता.

या झाकणाची कुळकथा सुरू होते ॲस्पिरिनपासून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लहान मुलांसाठी संत्र्याच्या चवीची गोड ॲस्पिरिन बाजारात आली. मोठ्यांच्या गोळीच्या पाव ताकदीची, म्हणजे ८१ मिलिग्रॅमची गोळी. गोड लागते म्हणून मुलं ती हट्ट न करता खात. आणि म्हणूनच आई स्वयंपाकघरात असताना, खुर्चीवर चढून, बाटली मिळवून मूठभरही खात. ॲस्पिरिनचा अतिरेक झाला की मूल धापा टाकू लागतं, उलट्या होतात, रक्तातलं आम्ल वाढतं, ताप चढतो, झटके येतात. १९५३ साली शिकागोत अमेरिकेतलं पहिलं विषबाधा नियंत्रण केंद्र सुरू झालं, आणि अशा केंद्रांच्या नोंदवह्यांत ॲस्पिरिनचं नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जे अरीना यांनी गोळ्या बनवणाऱ्या कंपनीकडे धरणं धरलं आणि एका बाटलीत ३६ हून जास्त गोळ्या भरायच्या नाहीत, हे मान्य करून घेतलं. सगळी बाटली पोटात गेली तरी मूल वाचण्याची आशा राहावी, असा तो हिशेब होता.

तोवर बाकी सगळा भर उपदेशावर होता. औषधं उंच ठेवा, कपाटाला कुलूप लावा, मुलांसमोर गोळ्या घेऊ नका. पत्रकं निघत, सप्ताह साजरे होत. आणि तरीही एखादं मूल दगावलं, तर बोट आपोआप आईकडे वळे.

कॅनडातल्या विंडसर शहरातले डॉ. हेन्री ब्रो हेही अनेक वर्षं उपदेशच करत होते. तिथल्या ओतेल द्यू रुग्णालयात ते बालरोग विभागाचे प्रमुख होते आणि विषबाधा नियंत्रण केंद्रही तेच चालवत. एका पहाटे तीनच्या सुमाराला ते रुग्णालयातून घरी आले आणि मुलांची पोटं धुऊन धुऊन आपण थकलो आहोत, आता यावर काहीतरी केलंच पाहिजे, असं पत्नीला म्हणाले. ही आठवण त्यांच्या पत्नीनेच पुढे सांगितली. १९६२ साली त्यांच्या पुढाकाराने अपघाती विषबाधा रोखण्यासाठी ऑन्टेरिओ प्रांतात एक संघटना उभी राहिली. मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं. आपण शिकवलेलं लोक ऐकत नाहीत, असा त्रागा त्यांनी केला नाही. थकलेली आई चुकणारच, हे त्यांनी गृहीत धरलं आणि बाटलीकडे पाहिलं.

विंडसर म्हणजे डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडचं मोटारींचं शहर. साचे आणि हत्यारं बनवणारे कारागीर तिथे गल्लोगल्ली होते. ब्रो यांनी स्थानिक उत्पादकांना आवाहन केलं, आणि ‘इंटरनॅशनल टूल्स’ या साचे बनवणाऱ्या कंपनीचे पीटर हेजविक यांनी १९६७ साली दाबून फिरवायचं झाकण घडवलं. ‘पाम अँड टर्न’ हे त्याचं नाव.

या जातीच्या झाकणाची आजची सर्वांत ओळखीची रचना अशी असते. एकात एक बसलेली दोन झाकणं असतात. आतल्याला आटे असतात, ते बाटलीला घट्ट धरतं. बाहेरचं सैल असतं. नुसतं फिरवलं तर आतल्या दातांवरून घसरत राहतं, तोच तो कट-कट आवाज. खाली दाबलं की दोन्हींचे दात एकमेकांत अडकतात आणि मगच दोन्ही मिळून फिरतात. लहान मूल दाबू शकतं, फिरवूही शकतं. पण दोन्ही एकाच वेळी, दाब टिकवून करणं त्याच्या हाताला आणि मनाला अजून जमत नसतं. ही गोष्ट ताकदीची नाही, वयाची आहे, आणि ती नेमकी हेरण्यात या झाकणाचं सारं कसब आहे.

विंडसर परिसरातल्या औषध दुकानांत हे झाकण वापरात आल्यावर तिथल्या मुलांच्या विषबाधेच्या घटना ९१ टक्क्यांनी घटल्या. घरं तीच होती, आयाही त्याच. पुढे ऑन्टेरिओने १९७४ पर्यंत अशी झाकणं सक्तीची केली. अमेरिकेत १९७० च्या अखेरीस कायदा झाला. १९७२ मध्ये ॲस्पिरिनला आणि १९७४ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या, पोटात घ्यायच्या बहुतेक औषधांना तो लागू झाला.

तिथल्या झाकणाची परीक्षा घेतात ती मुलंच, साडेतीन ते सव्वाचार वर्षांची. दोघादोघांना बसवून हातात बाटल्या देतात आणि पाच मिनिटं उघडायला सांगतात. नाही उघडली तर मोठं माणूस एकदा उघडून दाखवतं, दात वापरले तरी चालतील असंही सांगतं आणि आणखी पाच मिनिटं देतं. या दहा मिनिटांत शंभरातल्या किमान ८० मुलांना बाटली उघडता आली नाही, तर झाकण पास. याचा अर्थ, काही मुलं ती उघडतातच. झाकण आपल्याला थोडा वेळ मिळवून देतं, पाठ फिरलेली असते तेवढा. मुलाची राखण करत नाही.

पण दुसरी पंचाईतही झाली. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या हातांना झाकण उघडेना, म्हणून ते अर्धवट लावून ठेवलं जाऊ लागलं किंवा गोळ्या साध्या डबीत ओतल्या जाऊ लागल्या. म्हणून अमेरिकेच्या नियमात १९९५ साली बदल झाला आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांना ते उघडता-लावता येतं का, हेही तपासायचं ठरलं. हा बदल झाकणाच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो, कारण नातवंडाच्या हाताशी येतात त्या बहुधा आजोबांच्याच गोळ्या.

आपल्याकडे तर तीन पिढ्या एका छताखाली. गोळ्या बहुतेक पट्टीत मिळतात, आणि एकेक गोळी फोडून काढावी लागते हाही एक अडसरच असतो. पण रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवल्या की तो अडसर गेला. गरोदर आईला मिळणाऱ्या लोहाच्या लाल गोळ्या थोरल्या मुलाला गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात; त्या आईसाठी पौष्टिक, पण मूठभर खाल्लेल्या मुलासाठी जीवघेण्या. सिरपच्या बाटलीचं झाकण एका पिळात उघडतं. देवघरातला कापूर खडीसाखरेसारखा दिसतो आणि पोटात गेला तर झटके आणतो. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही विषारीच.

आणि रॉकेल. थंड पेयाच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलेलं, उन्हाळ्यात तहानलेल्या पोराने तोंडाला लावलेलं. गॅस घरोघरी आल्यापासून ते मागे पडलं. त्याच बाटल्यांत आता फिनेल आणि सुटं ॲसिड असतं. मूळ बाटलीचं झाकण कितीही हुशारीने घडवलेलं असो, जिन्नस दुसऱ्या बाटलीत गेला की ते कुचकामी ठरतं.

मुलाने रॉकेल किंवा ॲसिड प्यायलंच, तर त्याला ओकायला लावू नये. ओकताना रॉकेल फुप्फुसात जातं आणि ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजतं. मीठ-पाणी पाजण्यात, घशात बोट घालण्यात वेळ न दवडता मुलाला थेट दवाखान्यात न्यावं आणि ती बाटलीही सोबत घ्यावी, म्हणजे पोटात काय गेलंय हे डॉक्टरांना लगेच कळेल.