शाळेच्या हॉलमधलं नाटक: पोरं, पालक आणि छबिलदास

लोकलमध्ये लटकत, जिममध्ये, नाहीतर माझ्यासारखं ऑफिसात बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघत हे ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड इथे लिहून काढलाय. बोलताना घेतलेले पॉज आणि चहाचे घोट तेवढे वगळलेत.

आजचा विषय आहे शाळेचं नाटक. गॅदरिंगचं नाटक. हो, तेच. कापसाची दाढी, मध्येच सुटणारं धोतर आणि पहिल्या रांगेत बसून "अगं, आपला बंटी बघ" म्हणणारी आई.

यात इतिहास कसला, असं वाटेल. पण आपल्या प्रायोगिक रंगभूमीचा एक मोठा तुकडा अक्षरशः शाळेच्या इमारतीत घडलाय. आणि तिथवर पोचायच्या आधी एक वेगळीच गोष्ट घडावी लागली: मराठी आईबापांनी आपल्या पोराला नाटकात जाऊ द्यायला शिकणं.

सुरुवात तिथूनच करू. कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'मुलगा नाटकात गेला' हे वाक्य घरात रडारड व्हावी असं होतं. नाटकात जाणं म्हणजे कंपनीत जाणं. कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाड: आज हुबळी, पुढच्या महिन्यात सोलापूर. तिथेच जेवण, तिथेच झोप, तिथेच तालीम. बायका रंगभूमीवर नव्हत्या, त्यामुळे गोड गळ्याच्या, नाजूक चेहऱ्याच्या मुलांना कंपन्यांमध्ये भारी मागणी. केशवराव भोसले अगदी लहानपणी स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि देवलांच्या 'शारदा'मधली शारदा करून गाजले. १९०८ साली हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' काढली, तेव्हा ते जेमतेम १७ वर्षांचे होते. छोटा गंधर्व १९२८ च्या सुमारास बालमोहन मंडळीत दाखल झाले, तेव्हा वय १०. आज १० वर्षांचं पोर सोसायटीच्या गेटबाहेर एकटं गेलं तर ग्रुपवर पाच मेसेज येतात!

काही आईबाप पोराला स्वतःहून कंपनीत सोडत, कारण तिथे निदान दोन वेळचं जेवण होतं. बाकीचे घाबरून असत. शिक्षण बुडणार, व्यसनं लागणार, लग्न जमणार नाही. ही भीती पोकळ नव्हती, हेही मान्य करायला हवं. कंपनी बुडाली की नटाच्या हातात काहीच उरत नसे. 'सुवर्णकाळ' म्हणताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

या भीतीवर शाळेने एक मधला रस्ता काढला. वर्षातून एकदा नाटक, तेही मास्तरांच्या नजरेखाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भूमितीचा तास. आचार्य अत्रे हे नाव आपण 'मोरूची मावशी'साठी आणि भाषणांसाठी ओळखतो, पण ते पुण्यात कॅम्प भागातल्या शाळेचे हेडमास्तर होते. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी नाटकं लिहिली, 'गुरुदक्षिणा' हे त्यातलंच. आणि गंमत बघा, १९३३ साली त्यांचं 'साष्टांग नमस्कार' रंगभूमीवर आणलं ते त्याच बालमोहनने, जिथे छोटा गंधर्व होते. म्हणजे शाळेचं नाटक आणि कंपनीचं नाटक यांच्यामधली भिंत तेव्हाही तशी पातळच होती.

आता थोडं माझं. मी तालुक्याच्या गावातल्या शाळेत शिकलो. नववीत आमचं पाऊण तासाचं नाटक बसत होतं. नायिकेचं काम करणाऱ्या मुलीला घरून परवानगी मिळेना, कारण तालीम साडेसातला सुटायची आणि वडिलांना ते मंजूर नव्हतं. आमचे सर तिच्या घरी गेले. भाषण वगैरे काही दिलं नाही. एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्हीच येऊन बसा ना तालमीला." दुसऱ्या दिवसापासून तिची आई मागच्या बाकावर. पहिले दोन दिवस मटार सोलत बसल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी वाक्य विसरलं आणि मागून आवाज आला, बरोब्बर तेच वाक्य. आठवड्याभरात काकू आमच्या प्रॉम्प्टर झाल्या होत्या, अख्खी संहिता पाठ! एका मुलाचे वडील सुतार होते, त्यांनी दार करून दिलं. खरं उघडणारं दार, आम्हाला केवढं अप्रूप त्याचं. माझ्या आईची जुनी पैठणी पडद्याची झालर झाली. त्यावरून घरी जे झालं ते इथे सांगत नाही.

आणि दिवे! हा भाग माझ्यातल्या इंजिनियरसाठी. आमचे लाइटवाले काका जुन्या हौशी नाटकांतला मिठाच्या पाण्याचा डिमर सांगायचे. एका भांड्यात मिठाचं पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या, आणि बल्बचं सर्किट या पाण्यातून पूर्ण होतं. पट्ट्या जवळ आणल्या, पाण्यात खोल घातल्या की विरोध कमी, प्रकाश जास्त. वर ओढल्या की दिवा हळूहळू मंदावतो. संध्याकाळ झाली. पाणी तापतं, वाफ येते आणि शॉक बसायचा धोका पूर्ण. कृपया घरी करून बघू नका. पण ज्यांच्याकडे महागडा डिमर घ्यायला पैसे नव्हते, त्यांनी यावर कितीतरी सूर्यास्त केले.

बरं, परत इतिहासाकडे. फार काळ शाळेतली नाटकं म्हणजे मोठ्यांची नाटकं छोट्या मापात. मिशा लावलेला १२ वर्षांचा शिवाजी, पदर सावरणारी जिजाऊ. मुलांसाठी, मुलांच्या कल्पनेतून नाटक असावं हा विचार जोरात आला तो १९५९ साली. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या होत्या. त्यांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं, पहिलं नाटक 'मधुमंजिरी', लेखक रत्नाकर मतकरी. मतकरींनी पुढे स्वतःची बालनाट्य संस्था काढली. 'अलबत्या गलबत्या' त्यांचंच. २०१८ मध्ये वैभव मांगलेंची चेटकीण बघायला तुम्ही भाच्यांना घेऊन गेला असाल, तर ते नाटक तुमच्या आईच्या लहानपणीचं आहे.

मला मात्र जास्त ओढ वाटते ती दादरच्या एका शिक्षिकेची. सुलभा कामेरकर, लग्नानंतर सुलभा देशपांडे. दादरच्या छबिलदास मुलांच्या शाळेत त्या शिकवायच्या आणि विद्यार्थ्यांची नाटकं बसवायच्या. त्या मुलांसाठी नाटकं लिहून देणारा माणूस कोण होता माहितीये? विजय तेंडुलकर. 'सखाराम बाइंडर' आणि 'घाशीराम'वाले तेंडुलकर. त्यांच्या बालनाट्यांची नावंच बघा: 'चिमणा बांधतो बंगला', 'पाटलाच्या पोरीचं लगीन', 'राजाराणीला घाम हवा'. यातल्या शेवटच्यावर पुढे चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी हिंदी सिनेमाही झाला, दिग्दर्शन अर्थात सुलभाताईंचं.

मला वाटतं, तेंडुलकरांचे ते तुटक, अर्ध्यावर सोडलेले संवाद नीट ऐकायचे तर त्यांची मुलांची नाटकंही वाचायला हवीत. मुलं भाषण करत नाहीत. ती बोलतात, थांबतात, विषय सोडून देतात. समीक्षक काय म्हणतील ते म्हणोत.

मग १९६७. रंगायनचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. एक हौशी मंडळी वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला चालवतात आणि त्यात लीला बेणारे नावाची बाई खरोखरची आरोपी होऊन बसते. बेणारे कोण? शाळेतली शिक्षिका. मुलांमध्ये रमणारी, वर्गावर जीव असणारी. खटला रंगत जातो तसं कळतं की तिची नोकरीही जाणार आहे. आणि ही बेणारे केली सुलभा देशपांडे यांनी, ज्या स्वतः शिक्षिका होत्या. शाळेच्या व्यवस्थापनाला, पालकांना एका शिक्षिकेच्या खासगी आयुष्याबद्दल काय वाटू शकतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९७१ मध्ये सत्यदेव दुबेंनी त्यावर सिनेमा केला, त्यातही बेणारे त्याच.

त्याच वर्षी सुलभाताई, अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांनी इतरांबरोबर 'आविष्कार' ही संस्था उभी केली. नाटकं होती, नट होते, जागा नव्हती. व्यावसायिक थिएटरचं भाडं परवडणारं नव्हतं. मग १९७४ मध्ये उत्तर सापडलं ते ओळखीच्याच ठिकाणी: छबिलदास शाळेचा हॉल.

दादर पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलात की ती गल्ली लागते. भाजी, फुलं, कपडे, माणसांचा लोंढा. दिवसा शाळा आणि संध्याकाळी नाटक. कायमचा उंच रंगमंच नाही, त्यामुळे प्रेक्षक कुठे बसवायचे आणि नट कुठे उभे करायचे हे प्रत्येक नाटकाने आपापलं ठरवायचं. प्रेक्षक इतक्या जवळ की नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा. तेंडुलकर, एलकुंचवार, बादल सरकार, दुबे, अमोल पालेकर, सगळी नावं त्या हॉलशी जोडलेली. 'छबिलदास चळवळ' हे नाव पडलं. जगात कितीतरी ठिकाणी रंगभूमीच्या चळवळीला थिएटरचं नाव असतं, आपल्याकडे ते शाळेचं आहे. मला याचा जाम अभिमान वाटतो.

आणि मुलं? ती कुठेही गेली नव्हती. आविष्कारचीच 'चंद्रशाला' ही मुलांची शाखा सुलभाताईंनी चालवली. तिथलं 'दुर्गा झाली गौरी' हे नृत्यनाट्य पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं. रंगमंचावर पोरांचा भलामोठा ताफा. आता हिशेब करा. जितकी पोरं तितके डबे, तितके घुंगरू, आणि तितकेच बाहेर जिन्यावर घड्याळ बघत बसलेले आईबाबा. एका मुलाचं पाठांतर दहा दिवस घरी घेतलं की आई नाटक आपोआप शिकते. प्रायोगिक नाटकाचा प्रेक्षक कुठून आला असं विचारलंत, तर माझा पैज लावायचा घोडा त्या जिन्यावर बसलेला आहे.

जाता जाता, १९८६ मध्ये मोहन आगाशेंनी बर्लिनचं 'ग्रिप्स' पुण्यात आणलं: 'छान छोटे वाईट्ट मोठे'. तिथे उलटं होतं, मोठे नट मुलांची कामं करतात. मुलाचे प्रश्न आईबापांसमोर थेट मांडायचे. त्यावर एक वेगळा एपिसोड होईल.

छबिलदासमधली नाटकं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला थांबली. मग आविष्कार कुठे गेली? माहीमच्या महापालिकेच्या शाळेत! पुन्हा शाळाच. पुन्हा वर्ग सुटल्यावर तालीम.

आजचं चित्र मला थोडं खटकतं. गॅदरिंगचं कंत्राट बाहेर दिलं जातं, कोरिओग्राफर येतो, रिमिक्सवर तीन मिनिटांचा डान्स, कॉस्च्युमचे ८०० रुपये अमुक नंबरवर पाठवा. पालक आहेत, पण पैसे देणारे आणि शूटिंग करणारे. पोरांना नाटक आवडत नाही असं अजिबात नाही. साडेपाचला क्लास असतो आणि सहाला शाळेच्या हॉलला कुलूप लागतं, इतकं साधं आहे ते. कुलूप उघडायला शिपाईमामांना थांबावं लागतं, आणि त्यांच्या ओव्हरटाइमची ओळ बजेटमध्ये नसते.

उलट उदाहरणही आहे. मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटक रचतात. दारू, शाळा सुटणं, पाण्याची रांग. आणि बघायला वस्तीतलेच लोक येतात, म्हणजे ज्यांच्याबद्दल नाटक आहे तेच समोर बसलेले. मतकरी मे २०२० मध्ये कोविडने गेले. काम थांबलं नाही.

तर आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरी आईबाबांचा, आजीआजोबांचा गॅदरिंगमधला जुना फोटो असेल, मिशा लावलेला असेल तर उत्तमच, तर पाठवा. मागे तारीख आणि नाटकाचं नाव लिहिलेलं असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. नसेल तर आजीला विचारून घ्या, संवादसुद्धा आठवत असतील तिला. पुढच्या एपिसोडमध्ये ग्रिप्स.