अठरा व्होल्टचं कूळ

माळ्यावर टाकून दिलेलं जुनं कॉर्डलेस ड्रिल बहुधा धडधाकट असतं. मोटर फिरते, गिअर शाबूत असतात, चकची पकडही ढिली झालेली नसते. मेलेली असते ती बॅटरी. कंपनीने ती बनवणं बंद केलेलं असतं, नाहीतर तिच्या किमतीत थोडी भर घातली की नवं ड्रिलच येतं. म्हणून हौशी आणि पोटार्थी अशा दोन्ही कारागिरांनी एक उपाय रूढ केला: पॅक उघडायचा, आतले निकेल-कॅडमियम सेल काढायचे आणि तिथे लिथियम-आयन सेल बसवायचे. हे जमतं ते एका योगायोगामुळे. निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा, लिथियमचा ३.६. तिनाच्या जागी एक! दोन्ही आकडे रसायनांच्या स्वभावातून आलेत, कुणी ते जुळवलेले नाहीत.

यातलं थोरलं रसायन सव्वाशे वर्षांचं आहे. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियम बॅटरी केली. सुरुवातीच्या या बॅटऱ्यांत द्रव असे, चार्ज होताना वायू सुटे, त्यामुळे त्या जागेवरच उभ्या ठेवाव्या लागत. छताला भोक पाडताना ड्रिल उलटं धरायचं, तर असली बॅटरी काय कामाची? १९४७ मध्ये नॉयमन नावाच्या संशोधकाने वायू आतच जिरवणारा पूर्ण बंद सेल साधला आणि हा रस्ता मोकळा झाला.

बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकरने १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळवलं होतं. १९६१ मध्ये याच कंपनीने त्या मुठीची वायर कापली. बिनवायरचं अवजार नासाने चंद्रासाठी शोधलं, ही गोष्ट मोठ्या आवडीने सांगितली जाते, पण ती खोटी आहे. ड्रिल आधी दुकानात आलं, नासा नंतर गिऱ्हाईक झाली. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या मातीत जे ड्रिल चालवलं, त्याची बॅटरी तर निकेल-कॅडमियमची नव्हतीच, चांदी-जस्ताची होती.

पुढची चाळीसएक वर्षं नुसती सेल वाढवण्याची. ७.२ व्होल्ट म्हणजे ६ सेल, ९.६ म्हणजे ८, १२ ला १०, १४.४ ला १२ आणि १८ व्होल्टला १५. ताकद वाढली तसं वजनही वाढलं. पंधरा सेलांचा पॅक पाऊण किलोच्या घरात जातो आणि दिवसभर शिडीवर उभ्या माणसाच्या मनगटाला तो कळतो. शिवाय ही बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याभरात बरीच उतरते. महिन्यातून एकदा खुंटी ठोकणाऱ्या घरात ड्रिल नेमकं गरजेच्या दिवशी मान टाकतं, ते यामुळे. मात्र एक गुण मान्य करायला हवा: निकेल-कॅडमियम हाल सोसते. पार उतरवा, थंडीत वापरा, ती कुरकुर करत का होईना चालते.

लिथियम-आयन १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. ज्यांच्या कामावर ती उभी आहे त्या व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. पण तेव्हाचे सेल कॅमेऱ्याला पुरत, ड्रिलला नाही. लाकडात अडकलेलं ड्रिल क्षणात वीस-तीस अँपिअर ओढतं. एवढा प्रवाह मागितला की ते सेल तापत. त्यामुळे अवजारांत लिथियम शिरली ती अगदी लहान दारातून. २००३ चा बॉशचा इक्सो हा तळहाताएवढा स्क्रूड्रायव्हर, ३.६ व्होल्टचा, म्हणजे एकाच सेलचा. २००५ मध्ये मिलवॉकीने २८ व्होल्टची अवजारं आणली आणि मकिताने १८ व्होल्टची. मग मात्र जुनं रसायन झपाट्याने मागे पडलं.

इथे कंपन्यांची नियत दिसली. रसायन बदललं म्हणून बॅटरीची खाच बदलायलाच हवी होती असं नाही. रियोबीने १९९६ ची आपली १८ व्होल्टची खाच तशीच ठेवली. तेव्हाच्या ड्रिलला आजची लिथियम बॅटरी बसते. डीवॉल्टने नवी खाच केली, पण २०१५ मध्ये जुन्या १८ व्होल्टच्या अवजारांसाठी एक अडॅप्टर तरी विकायला काढला. बाकी अनेकांनी जुन्या गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडलं. माझ्या मते यात तंत्रज्ञानाची अडचण थोडी आणि नवं अवजार खपवण्याची हौस जास्त होती.

कंपनीने जिथे दार लावलं तिथे कारागिराने खिडकी उघडली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला १८६५० नावाचे सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) आणि त्यांची राखण करणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, सहज मिळतं. १८ व्होल्टला पाच सेल, १४.४ ला चार. पाच सेलांचं वजन पाव किलोही नाही. पूर्ण चार्ज झाल्यावर ते २१ व्होल्ट दाखवतात, पण त्याने मोटर जळेल ही भीती फारशी खरी नाही. चार्जरवरून नुकताच काढलेला जुना पॅकही साधारण तेवढंच दाखवायचा. गणित फिसकटतं ते १२ व्होल्टला. दहाला तिनाने भाग जात नाही: तीन सेल घातले तर ड्रिल मंदावतं, चार घातले तर मोटरला जाच होतो.

सेल जास्त प्रवाह देणारेच हवेत. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले चालत नाहीत. बीएमएस कमी अँपिअरचं घेतलं तर ट्रिगर दाबताच ते वीज तोडतं. जोडणी स्पॉट वेल्डिंगची करून घ्यावी, सेलवर थेट डाग दिला तर उष्णतेने तो आतून बिघडतो. आणि जुना चार्जर त्याच दिवशी बाद करावा. त्याला लिथियम कुठे थांबवायची ते कळत नाही. तो वीज भरतच राहतो आणि शेवटी आग लागू शकते.

राहिले काढून ठेवलेले जुने सेल. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने कॅडमियमच्या बंदीतून कॉर्डलेस अवजारांना दिलेली सवलतही २०१६ च्या अखेरीस संपवली. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा ते सेल भंगारवाल्याच्या काट्यावर किंवा ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच नेऊन द्या.